माणसं आवडतात, मग आकडे कशाला?

वाळूजजवळ राहणाऱ्या एका १९ वर्षांच्या विद्यार्थिनीचं पत्र आलंय. बी.कॉम.चं पहिलं वर्ष संपत आलंय, मेजर, म्हणजे मुख्य विषय, ह्युमन रिसोर्स (एचआर) मॅनेजमेंट. मायनरचा, म्हणजे जोडविषयाचा, फॉर्म पंधरा दिवसांत भरायचाय. कॉलेजच्या यादीत मानसशास्त्र, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र आणि कायदा असे चार विषय आहेत. तिला स्वतःला मानसशास्त्र हवंय, कारण ‘मला माणसं आवडतात, सगळ्या मैत्रिणी मनातलं मलाच येऊन सांगतात’. बाबा एमआयडीसीत मशीन ऑपरेटर आहेत. त्यांचं म्हणणं, कायदा घे, एचआरवाल्याला कायदा येत नसेल तर युनियन त्याला नाचवते. मावसभाऊ पुण्यात आयटीत आहे, तो म्हणतो डेटा शिक, बाकी सगळं जाणार. पण ‘आकड्यांशी माझं जमत नाही’, बारावीला गणितात ६१ पडले होते. जवळच्या मैत्रिणीने अर्थशास्त्र घेतलंय, तिच्यासोबत बसायचाही मोह आहे. ‘ताई, स्कोप कशाला आहे तेवढं सांगा,’ असा पत्राचा शेवट आहे.

*

स्कोपचं आधी उरकून टाकते, म्हणजे मग नीट बोलता येईल. कुठल्याच मायनरला स्कोप नाही. मी २३ वर्षं कारखान्यांच्या एचआरमध्ये काढली, बायोडेटांचे गठ्ठे चाळले. नव्याने पास झालेल्या मुलामुलींच्या बायोडेटात मायनर कोणता, यावरून मी कधी कुणाला बोलावलं नाही आणि कधी कुणाला गाळलंही नाही. मुलाखतीत एखादा प्रश्न त्यावर निघतो, एवढंच.

हिशेबच करून बघ. आपल्याकडच्या नव्या रचनेत तीन वर्षांची पदवी १२० ते १३२ क्रेडिटची आणि त्यात मायनरचे १८ ते २०. लेखी विषयाच्या एका क्रेडिटला वर्गातले १५ तास धरतात. म्हणजे साधारण ३०० तास. त्यातून गणपती, गॅदरिंग आणि सबमिशनचे दिवस वजा कर. उरलेल्या तासांत कुणी वकील होत नाही, समुपदेशक होत नाही आणि डेटा सायंटिस्ट तर नाहीच नाही. तुमच्याकडे मात्र सगळे मिळून मायनर म्हणजे अर्धी पदवीच असल्यासारखं भांडताय. म्हणून मी प्रश्न जरा फिरवून विचारते. नोकरी लागल्यावर जे तुला कुणी शिकवणार नाही आणि तू आपणहून कधी शिकणार नाहीस, असं यातलं काय आहे?

कारण बाकीचं बरंच काही नोकरीत आपोआप येतं. पगाराचं सॉफ्टवेअर दोन महिन्यांत येतं. पीएफचं चलन, ईएसआयची नोंदणी, जॉइनिंगची कागदपत्रं, राजीनाम्यानंतरचा शेवटचा हिशेब (फुल अँड फायनल) हे सगळं टाइम ऑफिसमधला एखादा जुना माणूस चहा पिता पिता शिकवून जातो. मलाही तसंच शिकवलं. त्यासाठी मायनर खर्ची घालू नकोस.

आता तुझ्या ‘माणसं आवडतात’कडे येते. ते खरं असणार. पण एचआरमध्ये येऊ पाहणाऱ्या दहातली आठ मुलं मला हेच सांगायची, आणि त्यातल्या बऱ्याच जणांचा पहिल्याच वर्षी हिरमोड व्हायचा. माझा झाला होता. दुसऱ्या की तिसऱ्या आठवड्यात एक हेल्पर माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला, तीन दिवसांचा पगार कापलाय म्हणून. आईचं आजारपण, गावाकडचं कर्ज, सगळं त्याने सांगितलं आणि मी मन लावून ऐकलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तो म्हणाला, मॅडम, ते ठीक आहे, पण माझे तीन दिवस? मस्टर काढून त्याचं पंचिंग शिफ्टच्या वेळापत्रकाशी ताडून बघायचं असतं हे मला सुचलंच नव्हतं. शेजारच्या टेबलावरच्या देशपांडेकाकांनी पाच मिनिटांत चूक शोधली: त्याची शिफ्ट बदलली होती आणि सिस्टिममध्ये जुनीच राहिली होती. तो माणूस नंतर कायम काकांकडे जायचा.

दुसरी गोष्ट जास्त नाजूक आहे. मैत्रिणी मनातलं तुला सांगतात कारण तू मैत्रीण आहेस. एचआरच्या खुर्चीत बसलीस की तू कंपनीची माणूस असतेस आणि समोरच्यालाही ते ठाऊक असतं. उद्या एखादी मुलगी येऊन म्हणाली, ‘सुपरवायझर त्रास देतो, पण कुणाला सांगू नका,’ तर तू काय करशील? मैत्रिणीसारखं ‘नाही सांगणार’ म्हणालीस आणि गप्प राहिलीस, तर तिचंच नुकसान होईल. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याप्रमाणे लेखी तक्रार अंतर्गत समितीकडे जावी लागते आणि त्यालाही घटनेपासून तीन महिन्यांची मुदत असते. समिती योग्य कारण बघून ती आणखी तीन महिन्यांनी वाढवू शकते, पण त्या भरवशावर बसायचं नसतं. तिथे हात धरून ऐकायचं आणि त्याच वेळी ‘हे माझ्यापाशी राहू शकत नाही, पण पुढे काय होईल ते मी तुला सांगते’ असंही म्हणायचं. हे जमायला माणसं आवडावी लागतात हे खरं, पण तेवढ्याने भागत नाही.

याचा अर्थ मानसशास्त्र नको असं मुळीच नाही. तो सुंदर विषय आहे आणि कामाचाही. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात जे प्रयोग झाले, ते तुझ्या मेजरच्या पुस्तकात अर्ध्या पानात उरकलेले असतील: उजेड वाढवला तर काम वाढलं, कमी केला तरी वाढलं, सबब कामगारांकडे लक्ष द्या. मानसशास्त्राच्या वर्गात त्याच प्रयोगांवर पुढे किती शंका घेतल्या गेल्या हे वाचायला मिळेल, आणि ‘लक्ष दिलं की काम वाढतं’ हे वाक्य मॅनेजरच्या तोंडून ऐकलंस की तुझ्या भुवया उंचावतील. मुलाखतीचंही तसंच. ‘मी माणूस दोन मिनिटांत ओळखतो’ असं सांगणारा साहेब प्रत्येक कंपनीत असतो. सगळ्या उमेदवारांना तेच ठरलेले प्रश्न विचारून उत्तरांना गुण दिले तर निवड गप्पांवर बेतलेल्या मुलाखतीपेक्षा जास्त बरोबर निघते, हे मानसशास्त्रज्ञांनी पुन्हा पुन्हा दाखवलंय. ते साहेबाला न दुखावता पटवणं हे मात्र अभ्यासक्रमात नाही.

पण एक सांगून ठेवते, नंतर म्हणू नकोस. मानसशास्त्रात आकडे असतात. मध्यक, प्रमाण विचलन, सहसंबंध हे सगळं प्रॅक्टिकलच्या वहीत येतं, चाचण्यांचे निष्कर्ष काढताना येतं. आकड्यांना घाबरून तिकडे पळालीस तर ते दाराआड उभे असतील. शिवाय मानसशास्त्राचा मायनर केलेल्या मुलीला ऑफिसमध्ये सगळे ‘समुपदेशक’ समजायला लागतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायला पदव्युत्तर प्रशिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. तीनशे तासांच्या जोरावर कुणाच्या नैराश्यावर उपचार करायला जाऊ नकोस, वेळेवर डॉक्टरांकडे पाठवणं एवढं शिकलीस तरी पुष्कळ.

बाबांचं म्हणणं मला मनापासून पटतं, फक्त वेळ पटत नाही. कायदा लागतोच. पण आता बघ, २१ नोव्हेंबर २०२५ला चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि जुने २९ केंद्रीय कायदे त्यांत आले. मी ज्या कलमांवर माझी नोकरी काढली त्यांचे आकडे बदलले. कल्याण अधिकारी नेमायला कारखान्यात ५०० कामगार लागायचे, नव्या संहितेत २५० आहेत. ग्रॅच्युइटीला पाच वर्षं लागायची, ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवरच्या कामगाराला आता एका वर्षानंतरही ती मिळते. तुझ्या मायनरचं पुस्तक कधी छापलंय ते आधी उघडून बघ. त्यात १९४७चा औद्योगिक विवाद कायदाच चालू कायदा म्हणून असेल तर तू इतिहास शिकशील. इतिहास वाईट नाही, पण मग तसं माहीत असू दे.

आणि कायद्याचा मायनर कागदावर कुठे चालत नाही. खरोखर त्या वाटेने जायचं असेल तर पदवीनंतर तीन वर्षांचं एलएल.बी. आहे. कामगार कल्याण अधिकारी व्हायचं असेल तर सरकारने मान्य केलेली एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्य) किंवा एम.एल.एस. (श्रमविज्ञान) यांसारखी पदवी लागते. परळला नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नावाची श्रमविज्ञान संस्था आहे, तिथे हेच शिकवतात. (लोखंडे कोण ते बाबांना विचार. १० जून १८९०ला मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली ती त्यांच्या लढ्यामुळे. मला हे नोकरी लागल्यावर एका युनियनच्या सेक्रेटरीने सांगितलं, कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं.) म्हणजे कायदा पुढे रीतसर शिकायची सोय आहे, आणि मेजरमध्ये औद्योगिक संबंधांचा पेपर असेलच. बाबांना सांग, कायदा सोडलेला नाही, पुढे ढकललाय.

अर्थशास्त्रावर फार थांबत नाही. मैत्रीण बाजूला ठेवली तर त्या विषयात तुला रस आहे असं पत्रात कुठेच दिसलं नाही. एक मात्र आहे. बाबांच्या पगारातला महागाई भत्ता (डीए) कशावर हलतो? शिमल्याचं लेबर ब्युरो दर महिन्याला औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक काढतं, सध्या २०१६ला १०० धरून. बऱ्याच कंपन्यांच्या करारात डीए त्याच्याशी बांधलेला असतो. राज्यातल्या किमान वेतनाचा विशेष भत्ताही दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैत, त्यावरूनच बदलतो. कराराच्या वाटाघाटीत युनियनचा माणूस हा निर्देशांक तोंडपाठ घेऊन येतो आणि एचआरचा माणूस फोनवर शोधत बसतो, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. फोन माझ्याच हातात होता.

राहिलं संख्याशास्त्र.

आमच्या एका कारखान्यात वर्षभरात २४० कामगारांतले ६० सोडून गेले. पंचवीस टक्के. मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, पगार कमी पडतोय, सगळ्यांना वाढ द्या. खर्च केवढा होईल याचा कागदही तयार झाला. मी तेव्हा फक्त एक केलं: त्या साठ जणांनी किती दिवस नोकरी केली होती ते एका रकान्यात लिहिलं. साठातले ४४ पहिल्या ९० दिवसांत गेले होते. जुने लोक कुठेच जात नव्हते. मग या ४४ जणांना एकत्र बांधणारं काय ते शोधलं. नव्या माणसाला आल्या आल्या रात्रपाळी द्यायची पद्धत होती आणि कंपनीची बस त्यांच्या गावांकडे जात नव्हती. बसचा मार्ग वाढवला. पगारवाढीचा तो कागद नंतर कुणी मागितला नाही. कामगारांना वाढ मिळाली नाही याचं मला आजही थोडं वाईट वाटतं, पण त्या ४४ जणांच्या नोकऱ्या पैशामुळे गेल्या नव्हत्या एवढं नक्की.

यात अवघड गणित कुठे आहे? बेरीज, टक्के, आणि ‘हा आकडा कशाचा बनलाय?’ असं विचारायची सवय. स्टोअरमध्ये चार माणसं आणि एक गेला, तर तिथेही पंचवीस टक्केच होतात. त्यावरून स्टोअरच्या इनचार्जला खडसावणारे मॅनेजर मी पाहिलेत. एका विभागात नऊ जणांना २० हजार आणि एकाला २ लाख २० हजार पगार असेल तर सरासरी ४० हजार निघते, आणि तो पगार तिथे कुणालाच मिळत नसतो. मधला पगार विचारला असता तर २० हजार हे खरं उत्तर आलं असतं. कंपनीच्या जाहिरातीत कुठला आकडा छापतात हे तू ओळखशीलच.

ही सवय नोकरीत लागत नाही. मी तिशीत लावून घेतली, रविवारी एका प्राध्यापकांकडे जाऊन, पोरगी मांडीवर घेऊन. आमच्यातल्या बहुतेकांनी घेतलीच नाही. ते एक्सेलमध्ये रंगीत तक्ते बनवतात आणि साहेबाने विचारलं की तक्त्याकडेच बघत राहतात. तुझा मावसभाऊ म्हणतो तसं ‘बाकी सगळं जाणार’ वगैरे नाही. पण तो चुकून योग्य विषयाकडे बोट दाखवतोय.

म्हणून मला विचारशील तर तू संख्याशास्त्र घे. आणि ६१बद्दल: ६१ म्हणजे आकड्यांशी जमत नाही असं नसतं. ते जमवून घेतलेले मार्क आहेत. तू नापास झाली असतीस, किंवा वहीचं पान उघडल्यावर तुझा घसा कोरडा पडतो असं लिहिलं असतंस, तर मी आत्ता वेगळं बोलले असते. तशा मुलामुलींनी मानसशास्त्र घ्यावं आणि त्यातली आकडेवारी तेवढी मन लावून करावी, अर्धं काम होऊन जातं.

पण फॉर्म भरायच्या आधी थोडी पायपीट कर. संख्याशास्त्राच्या मायनरला बारावीचं गणित लागतं का ते कॉलेजात विचार, तुझं आहे म्हणून अडचण येऊ नये. शिकवतं कोण, ते दुसऱ्या वर्षाच्या मुलींना विचार. चांगल्या शिक्षकाचं अर्थशास्त्र हे तास न घेणाऱ्याच्या संख्याशास्त्रापेक्षा केव्हाही बरं, तेव्हा गरज पडली तर माझा सल्ला खुशाल बदल. अभ्यासक्रमाची प्रत मिळव आणि नुसती शीर्षकं न बघता चौथ्या सत्रापर्यंत काय आहे ते वाच. एकदा ठरलेला मायनर बदलता येतो का, आणि कधीपर्यंत, हेही ऑफिसातून लेखी समजून घे. तोंडी ‘बघू नंतर’ला काही अर्थ नसतो. एम.बी.ए. किंवा दुसऱ्या पदव्युत्तर प्रवेशासाठी तुझी सरासरी महत्त्वाची असेल तर एखाद्या विषयात मार्क थोडे घसरतील याची तयारी ठेव. उरलेल्या विषयांची भूक सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या स्वयम् पोर्टलवर भागते, तिथल्या मान्य कोर्सचे क्रेडिट कॉलेज धरतं की नाही ते मात्र आधी विचार.

तरीही मन मानसशास्त्राकडेच ओढत असेल तर एक करून बघ. बाबांकडे त्यांची पगाराची स्लिप माग आणि दोघं शेजारी बसून ओळ न ओळ वाचा. ही कपात कुठल्या नियमाने झाली, असं तुला आधी विचारावंसं वाटतं, की डीए मागच्या वर्षीपेक्षा इतकाच का वाढला असं? की बाबांच्या लाइनवरच्या बाकीच्यांच्या स्लिपा यापेक्षा किती वेगळ्या असतील, याचं कुतूहल वाटतं? की स्लिप दाखवताना बाबांनी ओव्हरटाइमच्या ओळीवर अंगठा का ठेवला, हेच डोक्यात घोळत राहतं? शेवटचं झालं तर मी हरले, मानसशास्त्र घे. माझी तक्रार नाही.

अजून एक, तू विचारलं नाहीस तरी. ओपन इलेक्टिव्हमध्ये मराठी लेखनाचा पेपर मिळत असेल तर सोडू नकोस. एका कंपनीत कँटीनचा ठेकेदार बदलणार होता. इंग्रजीतल्या नोटिशीचं आमच्याच ऑफिसने मराठी केलं आणि फळ्यावर लावलं: ‘१ तारखेपासून सध्याच्या कंत्राटी सेवा संपुष्टात येत आहेत.’ दुसऱ्या पाळीच्या कंत्राटी कामगारांनी ते वाचलं आणि टूल डाउन केलं. पावणेदोन तास लाइन बंद. सगळ्यांना समजावून सांगितल्यावर ते कामावर गेले, पण जेवणात त्या दिवशी कुणाचं लक्ष नव्हतं आणि नव्या ठेकेदाराची पहिली डाळ तशीच परत गेली. ‘कँटीनचा ठेकेदार बदलतोय’ एवढे तीन शब्द पुरले असते.

मैत्रिणीचं म्हणशील, तर मेजरच्या तासाला तुम्ही दोघी एकाच बाकावर असाल. मायनरच्या तासाला ती तिकडे, तू इकडे. वाळूजची बस दोघींची एकच आहे.